शेजाऱ्याच्या नंबराचा रकाना

आमचं बाभुळगावले शेतीच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची यादी सून कॉम्प्युटरवर ठेवते. त्यात गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याच्या नंबराचा रकाना बहुतेक रिकामाच, म्हणून मीच तिले म्हटलं होतं, काढून टाक.

त्याच आठवड्यात माह्या हातून एका म्हाताऱ्याले अळीच्या औषधाऐवजी तणनाशक गेलं. ते फवारलं असतं तर उभी कपाशी जळाली असती. यादीतला नंबर त्याच्या पुण्यातल्या पोराचा, अन् तो उचलेना. मी सुनेले म्हटलं,

“आता शेजाऱ्याचा नंबर कुठून आणू वं?”

“आई, रकाना मी काढलाच नाही. नुसता लपवलता.”

“म्हणजे माह्यं ऐकलं नाही.”

“नाही ऐकलं.”

तिनं रकाना उघडून नंबर लावून देला. म्हाताऱ्याची शेजारीण म्हणाली, फवारणीचा पंप भरून राह्यला तो. मी म्हटलं, बाई, धावत जा, थांबव त्याले. फोन चालूच ठेवला. तिकडून म्हाताऱ्यानं मले दिलेली शिवी ऐकू आली, तेव्हा कुठं मी खाली बसली.