ऐरोलीत रोबोट चालवताना

रोबोट प्राजक्ताने चालवायचा की मी, हे सरांनी निघायच्या आठवडाभर आधी ठरवलं. माझा सराव जास्त, म्हणून रिमोट माझ्याकडे आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या आम्ही तिघी, म्हणजे मी, प्राजक्ता, रुखसार, आणि सर साताऱ्याहून ऐरोलीतल्या एका कॉलेजात स्पर्धेला निघालो.

एसटीने रोबोट न्यायचा तर पहाटेची गाडी धरा, डिकी रिकामी मिळते. पेटी डिकीत टाकली, बॅटऱ्या मात्र मांडीवर. फूडमॉलचा वडापाव खिशाला झोंबतो, घरून चपाती-चटणी न्या. आम्ही दोन्ही खाल्लं. वाशीला उतरून रिक्षाने ऐरोली गाठली. पेटी मागे, रुखसार पेटीवर.

दुपारी पहिली मॅच. दोन मिनिटांत रबरी ठोकळे उचलून उतारावरच्या टोपलीत टाकायचे होते. सुरू होताच प्राजक्ता, रुखसार आणि सर तिघं एकदम ओरडायला लागले.

"डावीकडे घे!"

"तो नको, मागचा!"

"अगं, हळू!"

माझे हात बर्फासारखे झाले. घाईत रिमोटची दांडी जास्त ओढली गेली आणि रोबोट उतारावरून उलटा पडला. खातं उघडलंच नाही. साखळीतल्या उरलेल्या दोन मॅच दुसऱ्या दिवशी होत्या.

बाहेर आल्यावर प्राजक्ताने विचारलं, "उद्या मी चालवू?" टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"सकाळी सांगते," मी म्हणाले.

सर मित्राकडे गेले, आम्ही तिघी कोपरखैरण्याला माझ्या मामाकडे. मामा मार्केटात माथाडी आहे, ट्रकमधून पोती उतरवतो. मामीने पिठलं-भाकरी वाढली आणि मामाने विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?"

सगळं सांगितलं.

"तुमच्यात बोलतं कोण?"

"सगळेच."

"मग कसं व्हायचं? गाडी खाली करताना आमच्यात एकानंच बोलायचं. समदी सांगाय लागली की पोतं पायावर येतंय."

सकाळी रिक्षात मी प्राजक्ताला म्हणाले, "चालवणार मीच. पण बोलायचं फक्त तू, तेही एकेक शब्द."

"आणि मी?" रुखसार म्हणाली.

"तू वेळ बघ. पंधरा सेकंद उरले की खांद्यावर हात ठेव."

सरांना गप्प राहायला सांगणं अवघड होतं. ते हसले आणि कठड्यामागे जाऊन उभे राहिले.

मॅचआधी मी रिमोट खाली ठेवला, हात ओढणीला पुसले, श्वास सावकाश सोडला. निम्म्या मॅचला रोबोटचा पंजा अडकला. कालची मी असते तर बटणं बडवत बसले असते.

"ढकल," प्राजक्ता म्हणाली.

ठोकळे उचलणं सोडलं आणि उतारावरून ढकलत टोपलीत नेले. जिंकलो. पुढचीही जिंकलो. उपांत्य फेरीत पुण्याच्या टीमने हरवलं, त्यांचा रोबोट खरंच चांगला होता. माझे हात मात्र शेवटपर्यंत उबदार होते.

परतीच्या गाडीत तिघी गाढ झोपलो.

साताऱ्याला आल्यावर आईने विचारलं, "कितवा नंबर?" सांगितला. ती म्हणाली, "बरं झालं," आणि मामीने दिलेले सुके बोंबील डब्यात भरू लागली.

सोमवारी लॅबमध्ये मी स्वतःहून रिमोट प्राजक्ताला दिला. दोघींना चालवता आलं पाहिजे. ती वळण चुकली तेव्हा माझ्या ओठांवर चार वाक्यं आली होती.

"डावीकडे," मी एवढंच म्हणाले, आणि तिने वळवला.