नाव सांगा, काका

हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी जनरल वॉर्डात पडून होतो आणि एका गोष्टीनं माझं डोकं फिरलं होतं. गोळी असो की इंजेक्शन, सिस्टर दर वेळी विचारायची, "काका, नाव सांगा." मंगळवार पेठेत मला नाव विचारायची पाळी कुणावर येत नाही. शेवटी सकाळी राउंडला आलेल्या इन्चार्जबाईंकडे मी तक्रार केली. त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, "पेशंटला सारखं छळू नका." ती ट्रे उचलून पुढच्या खाटेकडं गेली. बदलीची सिस्टर आलीच नव्हती, त्यामुळं आदल्या दिवशीपासून तीच ड्युटीवर होती.

थोड्या वेळानं शेजारच्या खाटेवरचे म्हातारे म्हणाले, "पावणं, ह्या फॅनचं वारं मला सोसत न्हाय. तुमच्या खाटंवर येऊ काय?" मला उकडतच होतं. आम्ही जागा बदलल्या. औषधांचे कागद मात्र खाटांना अडकवलेले होते, ते तिथंच राहिले.

दुपारी सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. खाटेचा कागद बघितला, माझ्या दंडाला स्पिरिट लावलं. नाव विचारलंच नाही. बरी जिरली, असं मनात म्हणत मी मुद्दाम माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पेठेसकट मोठ्यानं सांगितलं.

तिचा हात थांबला. तिनं कागद पुन्हा वाचला, मग शेजारी बघितलं. ते इंजेक्शन म्हाताऱ्यांची साखर उतरवायचं होतं. मला साखरेचा त्रास नाही, आणि पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. टोचलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

ती स्टुलावर बसली. "डोळ्यांवर भरवसा न्हाय राहिला काका," ती म्हणाली. "म्हणूनच विचारत हुते की."

मला भीती वाटली, त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मी इन्चार्जबाईंना परत बोलावलं. या वेळी तक्रार अशी, की हिला आधी घरी सोडा. "सोडते की," त्या म्हणाल्या. "मग वॉर्ड कोण बघणार, तुम्ही?" त्यांचेही डोळे तांबारलेलेच होते.

संध्याकाळी गोळी घेऊन तीच आली. "काका," म्हणाली, आणि इन्चार्जबाईंच्या टेबलाकडं बघून गप्प झाली.

"विचारा की, सिस्टर," मी म्हणालो.