जावळ काढणारा हात

गल्लीतल्या निम्म्या पोरांचं जावळ या म्हाताऱ्या न्हाव्यानेच काढलेलं. चाळीस वर्षांत एकाही टाळूला ओरखडा नाही, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईने भीतीने डोळे मिटले, की तो खेकसायचा, "डोळे उघड गं बाई! माझ्या हाताकडे बघ. हात हलला, तर पोर उचल आणि सरळ घरी जा."

आज समोर त्याची सून बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याचा पहिला नातू. गेला महिनाभर त्याच्या उजव्या हाताला कंप सुटत होता. चहाचा कप तो डाव्या हाताने धरू लागला होता, दुकानातल्या दाढ्या मुलावर ढकलत होता. पण घरात त्याने चकार शब्द काढला नव्हता. नातवाचं जावळ दुसऱ्याने काढायचं? मग लोकांना तोंड कसं दाखवायचं?

त्याने ऊन पाण्याने बाळाचं डोकं भिजवलं. अंगठ्याखाली मऊ टाळू श्वासागणिक वरखाली होत होती. त्याने वस्तरा उचलला. डाव्या हाताने त्याने मनगट घट्ट आवळलं. तरीही पातं थरथरलंच.

त्याने चोरून सुनेकडे पाहिलं. तिने डोळे मिटले नव्हते. ती त्याच्या हाताकडेच बघत होती.

"बाबा, पाणी गार झालं वाटतं. आज राहू दे," असं म्हणत तिने बाळ उचललं.

वाटीतल्या पाण्यातून अजून वाफ निघत होती.