मांजरीने झाकलेली खिरापत

आमच्या मांजरीला झाकलेली वस्तू सहन होत नसे. परातीवर फडकं टाकलं की ही फडक्याखाली. सूप पालथं घातलं की सुपाखाली. आई लुगड्याची घडी घालायला बसली की ही नेमकी घडीच्या आत शिरायची आणि आईनं काठ ओढला की आतूनच पंजा मारायची. माणसाच्या पायाच्या अंगठ्याशी तर तिचं उभं वैर. संध्याकाळी भिंतीकडे टक लावून बसे, मग एकाएकी काय अंगात येई कोण जाणे, शेपूट फुगवून घरभर उधळे आणि शेवटी माझ्यासमोर बसून, हा सगळा गोंधळ मीच घातला अशा नजरेनं माझ्याकडे बघे. मला ती फार आवडायची. पुढं तिनं माझी जी शोभा केली, तिच्यानंतरही आवडायची, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तेव्हाचं हे अमरावतीतलं. वडील गेल्यावर आई गल्लीच्या टोकाला वकीलसाहेबांकडे दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला जाऊ लागली. घरात मी आणि मांजर.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली की आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी. थेट कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज दिवेलागणीला घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या. गाणी आम्ही घाईघाईतच उरकायचो, कारण सगळ्यांचा जीव असायचा खिरापतीत. खिरापत म्हणजे गाण्यांनंतरचा खाऊ. तो बंद डब्यात असायचा. ज्या घरची भुलाबाई, तिथली पोरगी डबा हलवून दाखवणार, बाकीच्यांनी विचारायचं, गोड की तिखट, पांढरं की पिवळं, आणि ओळखायचं. ज्या घरची खिरापत कोणाला ओळखता आली नाही, त्या घराची पोरगी दुसऱ्या दिवशी जमिनीवरून चालत नसे.

आमच्या घरी दरवर्षी फुटाणे. मी डबा हलवायच्या आधीच पोरी ओंजळी पुढं करायच्या. "तुमच्या घरी काय ओळखाचं?" असं वकीलसाहेबांची मुलगी म्हणाली होती. खोचकपणे म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी साधेपणानं म्हणाली, म्हणून मला तोंड लपवावंसं वाटलं. आणि तिच्या घरी मात्र मला ओळखायची बंदी. "तुले तं मालूमच असंल, तुझी आईच करते." आई मला कधीच काही सांगत नसे, पण हे कोणाला पटवायचं?

त्या वर्षी मांजरीनं मला एकदम भाव मिळवून दिला. ती माझ्यामागून घरोघर यायची. झाकलेला डबा दिसला की धावलीच. पेढे असले तर डब्याला अंग घासून ओरडायची, खोबऱ्याची वडी असली तर झाकण चाटायची, शेव-चिवडा असला तर पाठ फिरवून तोंड धुवायला बसायची. एकदा पोरींच्या हे ध्यानात आलं आणि मग काय विचारता! गाणी संपली की, "मांजर आना, मांजर!" कोण्या आजीबाईंनी नाक मुरडलं, तर दुसरीनं सांगितलं, मांजराला विटाळ नसतो. मी तिला काखेत मारून अशी मिरवायची की जणू ओळखणारी मीच.

मग आमच्या घरची पाळी आली. मी आईजवळ हट्ट धरला, यंदा फुटाणे नाहीत. त्या सुमारास शेंदूरजनाघाटच्या कुण्या पक्षकारानं वकीलसाहेबांकडे संत्र्यांची टोपली पाठवली होती. घरच्यांनी संत्री खाल्ली, आई साली घेऊन आली. त्या तिनं पाण्यात भिजत घातल्या, पाणी बदलत राहिली, उकळल्या, आतला पांढरा भाग नखानं खरवडून काढला, पाट्यावर वाटल्या आणि गुळात आटवून त्यांच्या वड्या थापल्या. तिची नखं पिवळी झाली होती. "पाह्यजो," ती म्हणाली, "एकीच्या बापाले ओळखू येत नाही." आणि डबा माझ्या हाती देऊन ती संध्याकाळच्या स्वयंपाकाला निघून गेली.

खरोखरच कोणाला ओळखता येईना. साटोरी, घारगे, तिळाची वडी, सगळं म्हणून झालं. मी नुसती मान हलवत होते. आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. शेवटी वकीलसाहेबांची मुलगी म्हणाली, "मांजर आना."

मी हसत हसत मांजरीला डब्यापाशी सोडलं. ती ऐटीत गेली, नाक लावलं आणि फटकन शिंकली. एक पाऊल मागं आली, पुढचा पंजा झटकला. पुन्हा वास घेतला. आणि मग तिनं डब्याभोवतीची जमीन पंजानं ओढायला सुरुवात केली. मांजर घाण केल्यावर तिच्यावर माती लोटते ना, तस्सं. अगदी मन लावून, चारी बाजूंनी.

मग एक जण ओरडली, "अवं, हे तं झाकून राहिली!"

पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी झाकण काढून वड्या वाटल्या. वाटल्या, कारण वाटायच्या असतात म्हणून. प्रत्येकीनं एकेक घेतली, नाकाशी नेली आणि मुठीत धरली. तोंडात कोणी घातली नाही. त्या गेल्यावर मी दारातून पाहिलं. नालीपाशी एकेकीची मूठ उघडत होती.

उरलेल्या वड्या मी एकटीनं बसून खाल्ल्या, सगळ्या. प्रत्येक वडी आधी गोड लागायची, मग जराशी कडू, मग नुसता वास तोंडात राहायचा. फार चांगल्या झाल्या होत्या. खाताना मला मांजरीची, पोरींची, सालींची आणि आईचीही लाज वाटत होती.

आईनं आल्या आल्या विचारलं, "ओळखली कोनं?"

"नाही. कोनीच नाही."

एवढं तर खरं होतं. "अन आवडली?" मी रिकामा डबा पुढं केला. तिनं तो उपडा करून पाहिला आणि मोठ्यानं हसली. वडील गेल्यानंतर ती तशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. मग मी काय सांगणार?

कोजागिरीच्या आधी वकिलीणबाईंची बहीण अकोल्याहून मुलींना घेऊन आली. अकोलेकरांनी तोंडात बोट घालावं असं काहीतरी करा, असं बाईंनी आईला सांगितलं. आईनं पुन्हा त्याच वड्या केल्या. घरी येऊन मला म्हणाली, "बाईले मी सांगतलं, अकोल्याच्या पोरी फसतील, पन आपल्या गल्लीतल्या लगेच ओळखतील, आपल्या घरी खाल्ली ना त्याइनं." आणि मग जरा थांबून, "भर बैठकीत म्हनतील पाह्य, हे तं तुमच्या घरची!" यापूर्वी तिनं मला खिरापत कधी आधी सांगितली नव्हती. पोरी असं म्हणतील, या आनंदात सांगितली. मी मांजरीला काखेत मारून बाहेर निघून गेले.

वकीलसाहेबांच्या बैठकीत डबा हलला. अकोल्याच्या मुली हरल्या. आमच्या गल्लीतल्याही हरल्या. मला तर तिथं ओळखायची बंदीच होती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत, हसायच्या तयारीत. चांदीच्या ताटलीतून वड्या फिरल्या. मांजर माझ्या मांडीवरून उतरली आणि सतरंजी ओढू लागली, तर एकीनं तिला चापट मारली, "हट, जनावराले काय समजते!" आणि वकीलसाहेबांची मुलगी वडी चघळत म्हणाली, "काय आहे वं हे? असं तं मी जन्मात नाही खाल्लं!"

"मीनंबी नाही," दुसरी म्हणाली. तिसरीही म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

घरी जाताना मांजर पुढं पुढं आपल्याच सावलीवर झडप घालत चालली होती. गल्लीच्या मध्यावर आल्यावर आईनं विचारलं,

"मंग आपल्या घरच्या खाल्ल्या कोनं?"

"म्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

ती चालत राहिली. दारापाशी कडी काढताना म्हणाली, "पोट दुखलं असंल. सांगाचं होतं, ओवा देल्ला असता."

त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.