आमच्याकडचा नमस्कार

गणपतीच्या मांडवात, ऑफिसच्या पार्टीत, कुणाच्या बारशाला मी आजवर जे काही सांगत आलोय, त्यातलं निम्मं सोडून द्या — उरलेल्यातलंही निम्मं सोडा. पण हे ऐका. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि यात रंग भरायला जागाच नाही हो. मी शोधून पाहिली.

तीन वर्षं मी कोटाच्या आत रिव्हॉल्व्हर लपवून फिरत होतो. जपानमध्ये. जिथे स्टेशनच्या बाकावर विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर घडी घालून ठेवलेली मिळते — तिथे.

खरं नव्हतं. इथे शौकिनांच्या दुकानात मिळतं, मोठ्या माणसांचं खेळणं, प्लास्टिकचे मणी उडवणारं. पण दिसायला? यमाने रेडा विकून घेतलं असतं असं. वीतभर नळी, गोळ्यांचं चक्र पेरूएवढं, आणि आत वजनं घालून खऱ्याइतकं जड केलेलं. असलं धूड रोज लपवायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. कमरेला खोचलं तर पँट खाली येते. बॅगेत ठेवलं तर वेळेवर हाताला लागत नाही. शेवटी डाव्या काखेत पट्ट्याने लटकवलं आणि वरून कोट. बारा महिने कोट. उन्हाळ्यात अख्खं ऑफिस बाह्या दुमडून बसायचं आणि मी एकटा कोटात निथळत. कुणी विचारलं तर सांगायचो, आमच्या घराण्यात नवस आहे, मुलगी दहावी होईपर्यंत कोट उतरवायचा नाही. सगळे गंभीरपणे मान डोलावायचे. दुसऱ्याच्या चालीरीतींना हसत नाहीत ही माणसं. मला तेवढंच हवं होतं.

पण कशासाठी? मुंबईत असताना एका काडीपैलवानाने मला पुलाच्या जिन्यावर चाकू दाखवला होता. त्याने पाकीट मागितलं. मी पाकीट दिलं आणि घड्याळही दिलं — न मागता. घरी येऊन सांगितलं की चौघांना झोडपलं, त्या झटापटीत घड्याळ गेलं. तेव्हापासून पाठीमागे पाऊल वाजलं की हात आपोआप पाकिटाकडे जायचा. ते पाऊल माझ्याबरोबर विमानात बसून इथे आलं.

असो. मोरिता-सानकडे यायला हवं. मी टाळतोय, कळतंय मला.

हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, आमच्यापासून दोन दारं सोडून, मोरिता-सान लेकीबरोबर राहायचे. ऐंशीच्या पुढचे, हडकुळे, नेहमी तपकिरी जाकिटात. विसरायला लागले होते. एकदा तर ते हरवल्याची घोषणाही झाली होती, खांबावरच्या भोंग्यांतून. त्याच भोंग्यांतून संध्याकाळी पाच वाजता एक संथ धून वाजते, मुलांनी घरी परतावं म्हणून. मला ती कधी आवडली नाही. कुणीतरी पाण्याखालून हाका मारतंय असं वाटतं.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या. मी घरूनच काम करत होतो. पाचलाच अंधारून यायचं. एके दिवशी धून संपली आणि आमच्या दाराची मूठ हळूच खाली गेली. वर आली. पुन्हा खाली. हाक नाही, घंटी नाही. दुसऱ्या दिवशी धून संपताच तेच. तिसऱ्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून दार उघडलं.

समोर मोरिता-सान. हातात कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या, पुडिंगची पिशवी. त्यांनी नळीकडे पाहिलं आणि सावकाश दोन्ही हात वर केले. पिशवी त्यांच्या डोक्यापाशी झुलत राहिली.

चोर समजून उघडलं — तुम्हाला असंच वाटलं ना? मी वाक्यंच तशी लावली. पण दाराला भिंग असतं हो. तिन्ही दिवस मी त्यातून पाहिलं होतं. बाहेर कोण आहे, ते घर चुकलेत, सगळं ठाऊक होतं.

ठाऊक होतं म्हणून तर उघडलं. चोर असता तर मी कपाटात बसलो असतो. इतके दिवस काखेत वागवलेलं ते मला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणीतरी मला घाबरायला हवं होतं — एकदा तरी. म्हातारा थरथरत होता आणि मी ते खाली घेतलं नाही. पिशवी झुलायची थांबेपर्यंत घेतलं नाही. मग "जा" म्हणालो. कुत्र्याला म्हणतात तसं. ते हात वर ठेवूनच गेले.

चौथ्या दिवशी मूठ हलली नाही. मला बरं वाटलं. सहज भिंगाला डोळा लावला. मोरिता-सान समोरच्या कठड्याशी उभे होते, माझ्या दाराकडे तोंड करून, दोन्ही हात वर. चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीच नव्हतं.

त्यानंतर मी दिसलो की हात वर. लिफ्टमध्ये, जिन्यात, कचऱ्याच्या जाळीपाशी. शेवटी एका सकाळी, प्लास्टिकचा कचरा टाकायच्या दिवशी, त्यांची लेक कायोको-सान मला वाकून म्हणाली, "बाबा फक्त तुम्हाला बघून असं करतात. तुम्हाला काही कल्पना आहे का?"

मला विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप आलं — "आमच्याकडचा नमस्कार आहे तो. मीच शिकवला त्यांना."

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "माझं नाव आठवत नाही त्यांना. तुमचा नमस्कार मात्र आठवतो."

मग काय, मोरिता-सानना दिवसभर म्हाताऱ्यांच्या केंद्रात न्यायला येणाऱ्या गाडीतल्या बायकाही मला पाहून कौतुकाने हात वर करू लागल्या. पुण्याहून परतलेल्या बायकोने लिफ्टमध्ये हा प्रकार पाहिला. "आपल्यात कुठे असतो असला नमस्कार?"

"विदर्भात असतो," मी म्हणालो. ती सांगलीची. तिला काय ठाऊक.

पुढच्या वर्षी मोरिता-सान गेले. अंत्यविधीला मी काळ्या कोटात गेलो. धुपाची पूड चिमटीत घेऊन निखाऱ्यावर सोडली, फोटोकडे वर पाहिलं नाही. शवपेटी गाडीत ठेवली, आणि निघण्याआधी कायोको-सान माझ्याकडे वळली. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, तिने दोन्ही हात डोक्यावर उंच केले. तळवे उघडे. तिच्या मागच्या नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग एकेकाने हात वर केले. काळ्या कपड्यातली दहा-बारा माणसं माझ्यासमोर हात वर करून उभी राहिली. सगळी वाट पाहत होती, मी उलट नमस्कार करीन म्हणून.

ते माझ्या काखेत होतं. त्या दिवशीही. हात वर केले असते तर कोट उघडला असता.

मी हात खालीच ठेवले.