तांबड्या दोऱ्याच्या मावशी

मावशी कापड तपासायच्या, पण कापडाकडे बघायच्या नाहीत. तोंड खिडकीकडे, गप्पा शेजारणीशी, आणि डावा तळवा तेवढा उतरत्या टेबलावरून सरकणाऱ्या कापडावर सपाट ठेवलेला. लूमवरून नुकतंच उतरलेलं, कांजीने खरखरीत झालेलं कोरं कापड त्या तळव्याखालून जात राहायचं. बोलता बोलता मध्येच हात थांबायचा. गप्पा चालूच असायच्या. उजव्या हाताने रिळातला तांबडा दोरा ओढायचा, दाताने तोडायचा, त्या जागेच्या सरळ रेषेत कापडाच्या काठाला गाठ मारायची, की कापड पुढे. तिथे तार तुटलेली असायची. असायचीच.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या तपासणीच्या कारखान्यात मी लिहिण्याच्या कामाला लागले तेव्हा बारावी पास होते, इंग्रजी टायपिंग येत होतं, म्हणजे अक्कल नुसती उतू चालली होती. तिसऱ्याच दिवशी शेठकडे जाऊन चुगली केली, की त्या कोन गावच्या मावशी कामच करत नाहीत, खिडकीतून रस्ता बघत बसतात. शेठ हसले. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. "जा. त्यांनी दोरा बांधलाय आणि फॉल्ट नाही, अशी एक जागा दाखव. नाहीतर फॉल्ट आहे आणि दोरा नाही, अशी दाखव." मी जेवणाची सगळी सुट्टी त्या ताग्यावर वाकून काढली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि भिंग गुपचूप परत ठेवलं. मावशींना सगळं कळलं होतं. त्यांनी डब्यातलं बोंबलाचं कालवण माझ्यापुढे सरकवलं. "खा पोरी. डोळं लई दमलं असतील." लाजेने घास उतरेना. पण कालवण इतकं फर्मास होतं की शेवटी उतरला.

तो डावा हात त्या जिवापाड जपायच्या. भांडी घासायच्या ती उजव्याने, डाव्याने नुसती धरायची, तीही फडक्यातून. तव्याला डावा हात लागू द्यायचा नाही. लग्नाकार्यात डाव्या तळव्यावर मेंदी नाही. भावकीतल्या बायका भाताच्या लावणीला बोलवायच्या तेव्हा या जायच्या नाहीत, आणि मग वर्षभर टोमणे खायच्या. "हा हात घरचा," उजवा पुढे करून म्हणायच्या, "नि हा ड्युटीचा." रोज सकाळी कोनहून रिक्षात दाटीवाटीने बसून यायच्या, तेव्हाही डावा हात पदराखाली. मला सुरुवातीला हा नखरा वाटायचा. पुढे पुढे त्या हाताकडे बघताना देवळात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं, आणि हे मी चेष्टेने सांगत नाही.

तांबडा दोरा हा त्यांचा कायदा होता. दुसरे तपासणारे खडूने खूण करायचे. मावशी म्हणायच्या, खडू पुसला जातो, नि पुसणारे लई हायत. विणकरांची त्या दोऱ्याशी दुश्मनी, कारण दोऱ्यागणिक त्यांचे पैसे कापले जायचे. आमच्याकडे ज्यांचा माल यायचा त्यातले रफीकभाई सगळ्यांत लाघवी. एकदा अजीजीने म्हणाले, "मौसी, इस हफ्ते एक-दो धागे छोड़ दो ना. बेटी की शादी है." मावशी म्हणाल्या, "रफीक, शादीला येन, पोटभर जेवन, पण दोरा न्हाय सोडणार." आणि खरंच गेल्या, पोटभर जेवल्या. नवरीच्या पाठीवर हात ठेवून आशीर्वाद देताना ओढणीवर हात थांबला. मावशींनी तिला पडद्याआड नेलं, पिशवीतली सुई काढली, उसवलेली जरीची किनार टाचून दिली आणि परत आणून बसवली. रफीकभाई पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट सांगत फिरत होते.

"फॉल्ट लपवला तं वाढतो," त्या म्हणायच्या. "दोरा बांधला का तेवढाच राहतो." तागा संपला की त्यावर तळव्याची एक सणसणीत थाप मारायची आणि म्हणायचं, "पास." आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटातही ती थाप मला ऐकू यायची, तेव्हाच मी वहीत पुढची ओळ लिहायची. आणि एक शपथ होती, सगळ्या गल्लीला पाठ. "माझ्या हातून एक जरी सुटला ना, त्या दिशी हे टेबल सोडीन." रफीकभाई म्हणायचे, "उस दिन मिठाई मैं बाँटूँगा, मौसी." मावशी हसायच्या. पण ती शपथ थट्टेची नव्हती. घरी सून होती, नातू होते, कशाला काही कमी नव्हतं. मावशी मावशी होत्या त्या फक्त त्या टेबलापाशी.

मग ती पाहुणी आली. फिनलंडची, हेलसिंकी शहरातली चित्रकार बाई, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत बूट. तिची आजी तिकडच्या कापडगिरणीत होती. गिरणी कधीच बंद पडली, आता तिथे लोक कॉफी पितात, असं ती म्हणाली. तिला एका म्युझियमच्या मोठ्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत आपलं भिवंडीचं कोरं कापड टांगायचं होतं. जसं लूमवरून उतरतं तसंच, दुरुस्ती नको, धुलाई नको, इस्त्री नको. इंग्रजी येणारी मी एकटीच, त्यामुळे दुभाषी मीच. मावशींना बजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. दुरुस्त न्हाय करत. पण तपासल्याबिगर माझ्या टेबलावरून कापड जात न्हाय." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं कानाआड केलं. चूक माझी.

पाहुणी चार दिवस मुंबईला गेली. माल पूर्णा गावातल्या गोदामात जायचा त्या दिवशी सकाळी परत आली, आणि बघते तर काय, प्रत्येक ताग्याच्या काठाला तांबडे दोरे! कुठे एकटा, कुठे झुबका. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, नोकरी आजच गेली. पाहुणी एक एक दोरा बोटात धरून बघत राहिली. मावशी शेवटच्या ताग्यावर बसल्या होत्या. त्यांनी तिला खुणेने बोलावलं, तिचा डावा हात धरला, उलटा करून तळवा बघितला, कापडावर ठेवला आणि मराठीतच म्हणाल्या, "डोळं मीट." भाषांतराची गरज पडली नाही. बाईने डोळे मिटले. तिच्या हातावर मावशींचा हात, खालून कापड सरकतंय. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा तिचा हात आपण होऊन थांबला आणि मावशी ओरडल्या, "हां! बघ, गावला!" पाहुणी रडायला लागली. मग मला म्हणाली, दोरे असेच राहू देत, एकही काढू नका. ताग्यावर थाप मारायची त्या गडबडीत राहून गेली. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

काही महिन्यांनी प्रदर्शन उघडलं. त्या शहरात सध्या कुठे काय बघायला आहे याची यादी पाहुणीने मला मोबाईलवर पाठवली. जेवणाच्या सुट्टीत ती वाचून दाखवायची म्हणजे आमची करमणूक. "मावशी, एका ठिकाणी नुसत्या खुर्च्या मांडल्यात."

"बसाला?"

"नाही. बसायला बंदी आहे."

"मग मांडल्यात कशाला? लगीन हाय का?"

एका ठिकाणी काचेची भांडी होती, त्यांतून प्यायला बंदी. एका ठिकाणी अंधाऱ्या खोलीत पाण्याचा आवाज. "पाणी न्हाय, नुसता आवाज? आमच्या नळाला पण तेच हाय." आणि एका चित्रकाराची बर्फाची चित्रं, सगळी पांढऱ्यावर पांढरी. यावर मी हसले. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पांढऱ्यात पांढरं बघाला जल्म लागतो, पोरी." यादीत त्याच्याच खाली आपलं कापड होतं.

त्याचा फोटो मी उघडला आणि सांगते, अंगावर काटा आला. एवढं मोठं पांढरं दालन, मागे उंच खिडक्या, त्यातून बर्फावरचा उजेड येतोय, आणि त्या उजेडात आमच्या गल्लीतलं कापड छतापासून उतरलंय. काठाकाठाने तांबडे दोरे. लोक खाली वाकून एकेक दोरा बघताहेत. ज्या कापडाचे उद्या कुणाच्या तरी पँटचे खिसे व्हायचे, त्याच्यासमोर माणसं श्वास रोखून उभी होती. मी म्हटलं, "मावशी, बघताय ना? तुमचे दोरे बघायला आलेत."

मावशींनी मोबाईल हातात घेतला. नातवाने शिकवल्याप्रमाणे दोन बोटांनी फोटो मोठा केला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. बराच वेळ. मग बोट ठेवलं. "हितं."

"काय हितं?"

"उजेड दबलाय. दोन तारा एकात गेल्यात. नि दोरा न्हाय."

मला फक्त पांढरं दिसत होतं. म्हटलं, सावली असेल, कॅमेऱ्यावर धूळ असेल. मावशी म्हणाल्या, "विचार तिला. डावीकडून तिसरं कापड. काठापासून चार बोटं आत. माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर." आवाज नेहमीचाच होता, पण जेवण तसंच राहिलं.

मी लिहिलं. उत्तर आलं, दिवे लावून, भिंगं लावून बघितलं, काही नाही. मी नाचतच टेबलापाशी गेले. "काही नाही म्हणतात!"

"हात लावला का?"

"मावशी, म्युझियम आहे ते. तिथे हात लावायला बंदी असते."

"मग तपासलं कसं म्हणतात?" त्या म्हणाल्या. "लिव. म्हणाव, हात लावून बघा."

पुन्हा लिहिलं. मनातून मी देवाचा धावा करत होते की काही सापडू नये. पुढच्या सोमवारी तिथे सुट्टी होती. दालन रिकामं असताना तिथली कापडं सांभाळणारी बाई त्या तिसऱ्या कापडापाशी गेली, हातमोजे काढले, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. पाहुणीने लिहिलं होतं, "सापडलं. त्यांनी सांगितलं तिथेच, त्या शेवटच्या ताग्यात. आम्ही तिथे तांबडा दोरा बांधू का, विचारशील?"

हजारो मैलांवरच्या एका तारेची खोट या बाईने हातातल्या मोबाईलवर पकडली होती. अभिमानाने छाती फुटायची वेळ, आणि मला रडू येत होतं. कारण शपथ मलाही पाठ होती. मी ठरवलं, खोटं बोलायचं. टेबलापाशी गेले आणि हसून म्हटलं, "काही सापडलं नाही. सावलीच होती."

मावशींनी खिडकीकडची नजर काढली नाही. डावा हात कापडावरून उचलला आणि माझ्या मनगटावर सपाट ठेवला. तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "पोरी, सापडलाय ना?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "अहो, तो शेवटचा तागा होता! तुम्ही तिचा हात धरला होता, लक्ष तिच्याकडे होतं. कुणाचंही झालं असतं!"

"दोरा कारण विचारत न्हाय," मावशी म्हणाल्या. "रफीकला कधी विचारलं व्हतं का?"

त्यांनी रिळातला वीतभर दोरा ओढला, दाताने तोडला आणि माझ्या मुठीत दिला. "हा पाठव. त्यांचा नको. तपासलं मी, दोरा माझाच." मग हातातला तागा शेवटपर्यंत तपासला, थाप मारली, "पास" म्हणाल्या, डबा पिशवीत घातला आणि जिना उतरून गेल्या. मिठाई वाटणार म्हणालेले रफीकभाई जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मौसी, एक ही तो था." मावशी त्यांना म्हणाल्या, "हां रे. म्हणून तं."

दोरा मी पाकिटात घालून पाठवला. प्रदर्शन अजून चालू आहे. यादीत ते बर्फाच्या चित्रांच्या खालीच आहे. दोरा बांधल्याचा फोटो आला त्या रविवारी मी कोनला गेले. मावशी अंगणात मासे साफ करत होत्या, दोन्ही हातांनी. डाव्या हाताला खवले चिकटलेले बघून मला कसंतरीच झालं. मी त्यांना सांगितलं, आता म्युझियमने कापडाचा एक तुकडा मुद्दाम खाली टेबलावर पसरून ठेवलाय, लोक डोळे मिटून त्यावर तळवा फिरवतात.

"हात धुऊन लावतात ना?" मावशींनी विचारलं.

मग त्यांनी स्वतःचे हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाईल घेतला. तिसरं कापड, खांद्याएवढी उंची, काठाला एक नवा दोरा. बाकीच्यांपेक्षा जरा जास्त तांबडा. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सगळं कापड पुन्हा एकदा तपासलं. शेवटी त्यांनी मोबाईल ओट्यावर उताणा ठेवला आणि त्यावर डाव्या तळव्याची सणसणीत थाप मारली.

"पास."