डाव्या पिळाचा स्फटिक

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आणि तिला तर माझ्या सगळ्या फजित्या पाठ होत्या. हैदराबादेत पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतलं तेल मी डोक्याला चोपडलं, तेसुद्धा. असल्या गोष्टी मीच तिखटमीठ लावून सांगायचो. ही मात्र—ही सांगायला गेलो की दुसरंच काहीतरी सांगून मोकळा होतो.

निजामाचं राज्य होतं. बीड जिल्ह्यातून हैदराबादेला सायन्स शिकायला गेलेले आम्ही दोघं: मी बीडचा, दिगंबर नांदूरघाटचा. एक खोली, एक शेगडी. माझी नेहमी जळायची—भाकरी म्हणतोय मी, अजून तरी.

एकदा प्रोफेसरसाहेब सांगत होते, इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा वागतो, जणू स्वतःभोवती फिरतो, आणि त्या फिरण्याचे प्रकार दोनच. आम्ही सगळे खाली माना घालून उतरवून घेत होतो. दिगंबर उभा राहिला. म्हणाला, काही स्फटिकांची आतली घडण दोराच्या पिळासारखी असते, कुणाची उजवी, कुणाची डावी. मग अशा पिळातून जाताना दोन्ही भोवऱ्यांना वाट सारखीच मिळेल का?

साहेबांनी हातातला खडू खाली ठेवला.

बस्स, तो खडू! माझं बोलणं ऐकायला कधी कुणी हातातली विडीसुद्धा ठेवली नव्हती.

साहेब म्हणाले, आधी प्रकाशाचं बघू. उजव्या आणि डाव्या गारगोटीचे दोन काप आण. ते प्रकाशाला उलट्या बाजूंना वळवतात हे दाखव, मग तुझा प्रश्न आपण दोघं हाती घेऊ. सहायकाची जागाही तुझी. ‘आपण दोघं’—ऐकलंत ना? मीही ऐकलं. रात्रभर तेच ऐकत होतो.

सुट्टीत त्याच्या गावी गेलो. त्यांच्या विहिरीला सुरुंग लावले होते, त्यात काळ्या खडकात एक पोकळी निघाली होती. आत नुसते गारगोटीचे स्फटिक. दिगंबर एकेक उन्हात धरून निरखत बसला. शेवटी एक माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्यो बारका पैलू बघ. समद्यांचा उजवीकडं, ह्याचा डावीकडं. डाव्या पिळाचा हाय बे हा.”

मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मी मान डोलावली.

नेमका त्याला ताप भरला, म्हणून काप करून आणायचं काम माझ्याकडे आलं. दोन स्फटिक दिले. डावा आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला, चुकू नये म्हणून. बीडला अंगठीचे खडे घासणारा एक म्हातारा होता. त्याच्यापुढे मी उजवाच तेवढा ठेवला आणि म्हटलं, याचेच दोन काप करा. एकदा घासले की पैलू जातात. मग डोळ्यांना काय कळणार?

का केलं? त्याचं वाटोळं व्हावं असं खरंच वाटलं नव्हतं. साहेबांनी तो खडू पुन्हा हातात घ्यावा, एवढंच. एवढंच होतं का?

साहेबांनी यंत्र लावलं. पहिल्या कापावर पुढची काच फिरवली तसे रंग पालटत गेले: पिवळा, लाल, निळा. दुसऱ्यावर हे उलट्या क्रमाने यायला हवेत. आले तेच, त्याच क्रमाने. साहेबांनी मला विचारलं, काप तुझ्यासमोर झाले? मी म्हटलं, जी साहेब, समोरच उभा होतो. बघा, त्यात एक शब्द खोटा नव्हता.

साहेबांनी तो प्रश्न तिथेच मिटवला. दिगंबर शिक्षण सोडून परतला आणि करोडगिरीच्या नाक्यावर चिकटला. जन्मभर जकातीसाठी दुसऱ्यांची पोती उघडून बघितली. तो प्रश्न त्याने पुन्हा कुणापुढे काढला नाही. जागा मला मिळाली. त्या जागेवर मी काचेच्या नळ्या भरपूर फोडल्या, प्रश्न एकही विचारला नाही. दिवाळीला भेटला की तो चारचौघांत मला ‘आमचे सायंटिस्ट’ म्हणायचा. थट्टेने नाही, अभिमानाने. तसंच म्हणत म्हणत गेला.

त्या दिवशी यंत्राच्या खोलीतून बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा चेहरा उतरला होता म्हणून.

“तू कावून तोंड पाडतो? माझेच डोळे फुटले व्हते. डावा न्हवताच तो.”

माझा हात कोटाच्या खिशात होता. चिंधी सुटली होती. त्या बारक्या पैलूची धार अंगठ्याला लागत होती—डावीकडे. आता कळत होतं.